नॉर्दर्न लाइट्सचे फोटो परत परत सॉफ्ट येतात: नवा कॅमेरा घ्यायच्या आधी काय तपासायचं

परवा रात्री शिरपूरहून मामेभावाचा फोन आला. नुकताच फिनलंडला रोवानिएमीला जाऊन आलाय, नशीब चांगलं होतं त्याचं, पाचपैकी दोन रात्री आकाश उघडं मिळालं, ऑरोरा, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, डोक्यावर आली, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले तर सगळे सॉफ्ट, म्हणजे पुसट. म्हणे, "दादा, ह्या कॅमेऱ्यात दमच नाही, आता सरळ फुल फ्रेम, मोठ्या सेन्सरचा, घेतो, कोणता घेऊ तेवढं सांग." मी म्हटलं थांब भो, पैसे खिशात राहू दे, आधी मला सगळ्या फाइली पाठव, निवडलेल्या नको, सगळ्या, ज्या क्रमाने काढल्यास त्याच क्रमाने.

ही तक्रार मी गेल्या दोन हिवाळ्यांत चौथ्यांदा ऐकली. अमळनेरचे एक जिभाऊ आहेत, रिटायर्ड मास्तर, त्यांची तीच, आमच्या ग्रुपमधल्या भुसावळच्या एका ताईंची तीच, आणि त्याआधी माझी स्वतःची. प्रत्येकाला वाटतं कॅमेरा जुना, कॅमेरा छोटा, कॅमेरा स्वस्तातला, म्हणून असं झालं. मी चोपड्याला लग्नाचं काम करतो, कॅमेरा हातात घेऊन वीसेक वर्षं झाली, तरी मलाही आधी हेच वाटलं होतं आणि मी एक नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेऊन मोकळाही झालो होतो. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण ह्या ट्रिपला माणूस एवढा खर्च करतो, एवढी रजा टाकतो, बऱ्याच जणांसाठी ही आयुष्यात एकदाच होणारी ट्रिप असते, आणि फोटो घरी आल्यावर बिघडलेले निघाले की काय वाटतं ते मला माहीत आहे.

आधी माझं काय झालं ते सांगतो कारण उत्तर त्यातच आहे. पहिल्यांदा गेलो ते फेब्रुवारीत नॉर्वेला, ट्रोम्सोला. हे गाव ६९ अंशांच्याही वर आहे, ऑरोराचा जो पट्टा पृथ्वीच्या उत्तर टोकाभोवती असतो त्याच्या बरोबर खाली, त्यामुळे तिथे केपी (चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा आकडा) १ किंवा २ असला तरी ऑरोरा दिसते, आडवे येतात ते ढग. समुद्राकाठी ढग होते म्हणून गाडीवाला आम्हाला आत फिनलंडच्या सीमेकडे घेऊन गेला, तिथे आकाश लख्ख पण थंडी उणे २१. मी ताऱ्यावर नीट फोकस लावला, फोटो काढला, मोठा करून बघितला, तारा सुईच्या टोकासारखा. खूश झालो. त्या रात्री ३४० फोटो काढले. घरी येऊन बघतो तर पहिले अकरा शार्प, बारावा सॉफ्ट, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत एकही धड नाही.

मी त्यावेळी अकरा-बाराकडे लक्षच दिलं नाही, मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी जुनी झाली म्हणालो, पुढच्या वर्षी नवी मिररलेस बॉडी घेऊन परत गेलो, लेन्स तीच ठेवली. पहिल्या रात्री परत तेच, सुरुवातीचे काही फोटो मस्त आणि मग सगळे सॉफ्ट. त्या रात्री हॉटेलवर झोप येईना, म्हणून लॅपटॉपवर दोन्ही वर्षांच्या फाइलींच्या वेळा शेजारी-शेजारी लावून बघितल्या. पहिल्या वर्षी अकराव्या आणि बाराव्या फोटोमध्ये १४ मिनिटांचं अंतर. दुसऱ्या वर्षी जिथून बिघाड सुरू झाला तिथे ९ मिनिटांचं. दोन्ही वेळा मी शेकोटीजवळ सूप प्यायला गेलो होतो आणि तेवढ्यात कॅमेरा आपोआप स्लीपला गेला होता. परत येऊन बटण दाबलं, कॅमेरा जागा झाला, आणि फोकस मी लावलेल्या जागी राहिलाच नव्हता.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कॅमेरा निवडताना उपयोगी पडेल. जुन्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्समध्ये फोकसची रिंग आतल्या काचांना यांत्रिकपणे जोडलेली असायची, रिंग जिथे ठेवली तिथे काच. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्समध्ये तसं नाही. तुम्ही रिंग फिरवता तेव्हा ती फक्त कॅमेऱ्याला इशारा देते, काच सरकवते आतली मोटर, ह्याला फोकस बाय वायर म्हणतात. कॅमेरा बंद झाला किंवा स्लीपला गेला की कितीतरी लेन्सची मोटर काचेला तिच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवते, आणि परत चालू केल्यावर तुमचा ताऱ्यावरचा फोकस गेलेला असतो. लग्नात हे कधीच कळत नाही कारण तिथे ऑटोफोकस दर फोटोला नव्याने लागतो. अंधारात मॅन्युअल फोकसवर मात्र हेच सगळ्यात जास्त नडतं, आणि कॅमेऱ्याच्या जाहिरातीत किंवा पेटीवर ह्याबद्दल एक ओळ नसते.

म्हणून कॅमेरा घ्यायला गेलात की मेगापिक्सेल विचारायच्या आधी ही टेस्ट करा, दुकानातच होते. लेन्स मॅन्युअलला टाका, काउंटरवरच्या एखाद्या वस्तूवर हात-दोन हातांवरून फोकस लावा, मोठं करून बघा की शार्प आहे, मग कॅमेरा बंद करा, मिनिटभर थांबा, रिंगला हात न लावता चालू करा आणि परत मोठं करून बघा. वस्तू तशीच शार्प असेल तर ही जोडी ऑरोरासाठी चालेल. शार्प नसेल तर मेनूत शोधा, काही कंपन्यांनी त्याचा उपाय दिलेला असतो. पॅनासोनिकमध्ये लेन्स पोझिशन रिझ्युम नावाची सेटिंग आहे, ऑलिंपसमध्ये रिसेट लेन्स बंद करता येतं, निकॉनच्या झेड एट, झेड नाइनसारख्या बॉडींमध्ये सेव्ह फोकस पोझिशन आहे. हीच टेस्ट कॅमेरा आपोआप स्लीपला जाऊ देऊन दुसऱ्यांदा करा, कारण बंद करणं आणि झोपणं ह्या दोन्हीत कॅमेरा सारखाच वागेल असं नाही.

ज्यांच्याकडे फोकस विसरणारी जोडी आधीच आहे त्यांनी ती विकायची गरज नाही. ऑटो पॉवर ऑफ (कॅमेरा आपोआप झोपायची सेटिंग) शक्य तितका लांबवा किंवा बंद करा, कॅमेरा मधे बंद करू नका, बॅटरी बदलली की फोकस नव्याने लावा, आणि दर वीस मिनिटांनी एक फोटो मोठा करून तारे बघा, बस. माझं त्या दुसऱ्या ट्रिपचं दुसऱ्या रात्रीचं सगळं काम ह्याच बॉडीवर, ह्याच लेन्सवर झालं आणि एकही फोटो सॉफ्ट नाही. दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण मॅन्युअल लेन्स घ्यायची, सामयांगची १४ एमएम एफ २.८ ह्या कामासाठी जगभर वापरली जाते, तिच्यात मोटरच नाही त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. फक्त तिच्या रिंगवर जी अनंताची आडवी आठाची खूण असते तिच्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याचदा खरा फोकस खुणेच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतो. ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करून लावा, तारा जितका लहान दिसेल तितका फोकस बरोबर, आणि मग रिंगवर कापडी टेप मारा. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगवर पण टेप मारा, कारण बऱ्याच झूम लेन्समध्ये फोकल लेंग्थ हलली की फोकसही हलतो.

आता सगळेच सॉफ्ट फोटो फोकसमुळे नसतात, आणि इथेच लोक घोळ करतात. फोटो शंभर टक्के मोठा करून ताऱ्यांकडे बघा, तारे सगळं सांगतात. तारे फुगलेले गोल किंवा मधे पोकळ चकत्यांसारखे असतील तर फोकस चुकलाय. सगळे तारे एकाच दिशेने ओढलेले, एकसारख्या छोट्या रेघा, तर ट्रायपॉड हलला, वारा होता, किंवा शटर फार वेळ उघडं ठेवलं. ताऱ्यांभोवती धूसर वलय आणि सगळा फोटो फिक्कट, तर काचेवर बाष्प किंवा बर्फ बसलाय, आणि हे हळूहळू वाढत जातं, फोटो क्रमाने बघितले की लगेच दिसतं. आणि तारे अगदी बिंदूसारखे पण ऑरोराच हिरव्या चिखलासारखी लिंपलेली, तर फोकस-बिकस सगळं ठीक आहे, ऑरोरा जोरात नाचत होती आणि तुम्ही पंधरा सेकंदांचं शटर ठेवलं होतं. जिभाऊंचं नेमकं हे शेवटचं झालं होतं. ते बिचारे वर्षभर फोकसला दोष देत होते, मी त्यांच्या फाइली बघितल्या तर तारे सुंदर. शांत, संथ कमान असेल तर ८ ते १५ सेकंद चालतात, पण पडदे हलायला लागले की २ ते ४ सेकंदांवर यावं लागतं, आणि खूप जोरात असेल तर १ सेकंदावर.

ह्या १ सेकंदावरून आता कॅमेऱ्याच्या निवडीकडे येतो, कारण तेवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड गोळा करणं हेच ऑरोराच्या कॅमेऱ्याचं खरं काम. आणि उजेड आधी लेन्स गोळा करते, बॉडी नंतर.

हिशेब मांडून बघा. नव्या कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स १८ एमएमला एफ ३.५ उघडते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). तीच बॉडी ठेवून १६ एमएम एफ १.४ लावली, समजा सिग्माची, तर सव्वासहापट उजेड आत येतो. आणि बॉडी बदलून छोट्या सेन्सरच्या एपीएस-सीची फुल फ्रेम केली तर सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २.४ पट होतं, बस तेवढंच. म्हणजे एपीएस-सी बॉडीवर एफ १.८ आणि फुल फ्रेमवर एफ २.८ हे दोन्ही जवळजवळ सारख्याच पायरीवर आहेत. माझा मामेभाऊ जी फुल फ्रेम घ्यायला निघाला होता ती त्याला एफ ४ च्या झूम लेन्सबरोबर मिळत होती, आणि त्या जोडीपेक्षा त्याची आत्ताची बॉडी आणि एफ १.४ ची लेन्स ही जोडी तिपटीहून जास्त उजेड पकडते. हे गणित त्याला फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं गप्पच होता.

फुल फ्रेम नकोच असं माझं म्हणणं नाही. बजेट असेल आणि लेन्सही तशीच घेणार असाल, २० एमएम एफ १.८ किंवा १४ एमएम एफ १.८, तर फुल फ्रेमसारखं काही नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० ला काळ्या भागातला नॉइज, म्हणजे दाणे, कमी दिसतो आणि १ सेकंदाचा फोटोसुद्धा स्वच्छ येतो. पण नवीनच पाहिजे असंही नाही. निकॉनची डी७५०, कॅननची ६डी ह्या जुन्या डीएसएलआर आज सेकंडहँड मिळतात, ऑरोरासाठी आजही चालतात, आणि त्यांच्या यांत्रिक रिंगच्या लेन्स फोकस विसरत नाहीत. पण सेकंडहँड लेन्स घेताना टोकाच्या कोपऱ्यातले तारे बघून घ्या, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर काही लेन्स कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटल्यासारखं करतात. एपीएस-सीवाल्यांसाठी टोकिनाची ११-१६ एफ २.८ आपल्याकडे बऱ्याच लग्नवाल्यांजवळ पडून असते, ओळखीत मागितली तरी मिळेल.

मेगापिक्सेलबद्दल एवढंच सांगतो की माझ्या करिझ्मा अल्बमचं (लग्नाच्या छापील फोटोबुकचं) १२ बाय १८ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २० ते २४ चा कॅमेरा घ्या, खूप झाला. व्हिडिओच करायचा असेल, तोही खऱ्या वेगाने नाचणाऱ्या ऑरोराचा, तर तो वेगळा विषय, त्याला सोनीची ए७एस थ्री बनलेलीच आहे, तिच्यात मुद्दाम १२ मेगापिक्सेलच ठेवलेत.

आता एक बिघाड असा सांगतो जो आपल्या खान्देशातल्या माणसाला हमखास होतो. आपल्याकडे धूळ एवढी की लेन्स घेतली त्याच दिवशी दुकानदार यूव्ही फिल्टर चढवून देतो आणि तो पुढे कधी निघत नाही. भुसावळच्या ताईंच्या फोटोत मधोमध एकात एक गोल रिंगा दिसत होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तशा, फिक्या पण स्पष्ट, आणि फक्त हिरव्या भागात. त्यांना वाटलं सेन्सर गेला, रिपेअरला टाकायच्या बेतात होत्या. कारण तो फिल्टरच. ऑरोराचा हिरवा रंग हा १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमधून येतो आणि तो जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. असा एकाच लांबीचा प्रकाश फिल्टरच्या दोन समांतर सपाट पृष्ठभागांमध्ये परत परत आपटतो, लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे वाढतात, कुठे मारल्या जातात, आणि रिंगा तयार होतात. सूर्यप्रकाशात किंवा मंडपाच्या लाइटमध्ये सगळे रंग एकत्र असतात म्हणून ह्या रिंगा कधी दिसत नाहीत. उपाय एकच, फिल्टर काढा, आणि तो इथे घरीच काढा, कारण उणे वीसला जाड हातमोजे घालून अडकलेला फिल्टर निघत नाही. नंतर कॉम्प्युटरवर ह्या रिंगा घालवणं फार अवघड जातं. ताईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, अरे भाऊ, एवढंच होतं का, आणि मला त्यांच्या आवाजात जे हलकं झालेलं ऐकू आलं त्यासाठी तरी हे लिहिणं भाग आहे.

थंडीचं आपल्याला इथे बसून कळत नाही. आपल्याला ४५ डिग्रीत काम करायची सवय, मे महिन्यातल्या लग्नात कॅमेरा गरम होऊन बंद पडतो ते माहीत असतं, थंड होऊन बंद पडतो ते माहीत नसतं. लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज पडतं, आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. संपलेली नसते. आतल्या खिशात, अंगाला लागून वीस मिनिटं ठेवली की परत चालते. मी तीन बॅटऱ्या अशा फिरवत असतो, एक कॅमेऱ्यात, दोन बनियनच्या वरच्या खिशात. मिररलेस डीएसएलआरपेक्षा जास्त बॅटरी खातो हे खरंच आहे, म्हणून बॉडी निवडताना यूएसबी-सीवरून पॉवर बँक लावून काम चालू राहतं का ते विचारा, नुसती चार्ज होते की चालू असताना पॉवर घेते, हा फरक महत्त्वाचा. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. चोपड्यात एक मित्र आइस्क्रीमचं दुकान चालवतो, त्याच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ असतं, मी जायच्या आधी सगळ्या बॅटऱ्या पिशवीत घालून तासभर तिथे ठेवतो आणि बाहेर काढल्यावर लगेच कोणती किती टिकते ते बघतो, जी पटकन मान टाकते ती घरी राहते. कॅमेरा मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका.

आणि बाहेरून आत येताना कॅमेरा उघडा आणू नका. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसाच घाम कॅमेऱ्याला येतो, बाहेरून आणि आतूनही. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून खिशात घाला, कॅमेरा झिपच्या पिशवीत टाका, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा, मग बॅगेत ठेवून आत या आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नका. घाम पिशवीवर येतो, कॅमेऱ्यावर नाही. बाहेर असताना काचेवर तोंडाने फुंकर मारून पुसायची आपल्या सगळ्यांना सवय असते, तिथे ती वाफ काचेवरच गोठते आणि ती रात्र संपली समजा. लेन्सला गरम राहणारा पट्टा मिळतो तो घ्या, किंवा हात गरम करायच्या पुड्या रबर बँडने लेन्सला बांधा.

बॉडी हातात घेताना हातमोजे घालून घ्या. दुकानदार बघत राहील, बघू दे. शटर, आयएसओ, अ‍ॅपर्चर ह्या तीन गोष्टी अंधारात, न बघता, जाड हातमोज्यांनी, टचस्क्रीनला हात न लावता बदलता आल्या पाहिजेत. आणि स्क्रीन वर-खाली वळणारी हवी. ऑरोरा कधीकधी थेट डोक्यावर येते, कॅमेरा आकाशाकडे तोंड करून उभा असतो आणि स्क्रीन वळत नसेल तर तुम्ही बर्फात गुडघ्यावर बसून खालून बघता. ट्रायपॉडबद्दल फार नाही लिहीत, जड चालेल, मधला दांडा वर काढू नका, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

सेटिंगची एक चूक अशी आहे की तिच्यामुळे फोटो सॉफ्ट नाही पण काळे येतात आणि लोक तिलाही कॅमेऱ्याची कमजोरी समजतात. अंधारात डोळे सरावलेले असतात, त्यामुळे स्क्रीनवर फोटो झकास उजळ दिसतो, आणि घरी बघितला तर अंधार. स्क्रीनचा ब्राइटनेस सगळ्यात कमी करा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, सगळा ढीग डाव्या भिंतीला चिकटलेला नको. सुरुवातीला आयएसओ १६०० किंवा ३२००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर ६ सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास पक्का, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), इथून सुरू करा आणि ऑरोरा बघून शटर बदलत राहा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि सगळ्यात चांगला क्षण तुमच्यासमोरून निघून जातो.

फोनचं विचारतात बरेच जण. ट्रायपॉडवर ठेवून नाइट मोडमध्ये आजचे चांगले फोन आठवणीपुरते फोटो नक्की देतात. भिंतीवर लावायला फ्रेम करायची असेल तर कॅमेरा लागतोच.

आता सराव. ऑरोरा आपल्याकडे दिसत नाही, मे २०२४ मध्ये सूर्याचं मोठं वादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हानलेहून लाल चमक कॅमेऱ्यात आली होती, आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये मुंबईहून दिसल्याची नोंद आहे, पण असं क्वचितच. तारे मात्र रोज आहेत, आणि फोकसला ताराच लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्याकडे अजूनही चांगला अंधार आहे. तोरणमाळला गेलात तर काय आकाश दिसतं, किंवा चाळीसगावजवळ पाटण्याच्या बाजूला, जिथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख सापडला, तिथे उभं राहून आकाशाकडे कॅमेरा लावायला मला नेहमी भरून येतं. अमावास्येच्या आसपासची रात्र घ्या. इथे हिवाळ्यात फोकससाठी व्याध सोपा, सगळ्यात तेजस्वी, पण ट्रोम्सोला तो क्षितिजाला टेकलेला असतो, डोंगरामागे जातो, तिथे ब्रह्महृदय किंवा अभिजित शोधावे लागतात, ते तिथे मावळतच नाहीत. म्हणून सरावही त्यांच्यावरच करा. अभिजित आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे ईशान्येला उगवतो, थोडं लवकर उठावं लागेल.

तर मामेभावाच्या फाइली आल्या. चार वर्षं जुनी एपीएस-सी बॉडी, किट लेन्स, पहिल्या रात्रीचे सुरुवातीचे सव्वीस फोटो शार्प, मग १२ मिनिटांचा खंड, मग सगळे सॉफ्ट. मी त्याला फोन करून विचारलं, सव्विसाव्या फोटोनंतर कुठे गेला होतास रे? म्हणे, वहिनीला हात गरम करायच्या पुड्या आणून द्यायला गाडीत गेलो होतो.

शनिवारी तो चोपड्याला आला. माझी १६ एमएम एफ १.४ त्याच्या बॉडीला लावली, फिल्टर काढून ठेवला, आणि जेवणं झाल्यावर आम्ही दोघं आमच्या मळ्यात गेलो, केळीच्या बागेच्या पलीकडे, जिथून उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ दिसते. ध्रुवतारा आपल्याकडून क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर, डोंगराच्या थोडाच वर. ट्रोम्सोला तोच तारा जवळजवळ ७० अंशांवर, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. त्याने ध्रुवावर फोकस लावला, फोटो काढला, कॅमेरा बंद केला. पंधरा मिनिटं आम्ही बांधावर बसून राहिलो. चालू केला, परत काढला, दहापट मोठा केला. फोकस गेलेला होता. मग मेनूतून ऑटो पॉवर ऑफ बंद केला, नव्याने फोकस लावला, रिंगवर टेप मारली, कॅमेरा चालूच ठेवला आणि परत पंधरा मिनिटं थांबलो. ह्यावेळी ध्रुव बारीक टिंबासारखा होता, दुसऱ्या फोटोतही, आणि अर्ध्या तासाने काढलेल्या तिसऱ्यातही. फुल फ्रेमचं बुकिंग त्याने तिथूनच कॅन्सल केलं, लेन्स मी त्याला पुढच्या ट्रिपपर्यंत वापरायला दिलीय.